'देश': घाटावरचा आणि नकाशावरचा

घोडबंदर:
मागच्या रविवारी खोपटच्या एसटी स्टँडवर आळेफाट्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत होतो. सोबत नववीतला भाचा. बाकावर शेजारी बेल्ह्याच्या एक आजी, पायाशी पिशवी, पिशवीत लेकीने बांधून दिलेले सुके बोंबील. ठाण्यात तीन दिवस धो धो चालू होतं. आजी म्हणाल्या, "हितं बघावं तर गुडघाभर पाणी, आन् देशावर अजून टिपूस न्हाई." भाच्याने लगेच विचारलं, "आजी, हा पण देशच आहे ना?" आजींना प्रश्नच कळेना. "न्हाई बाळा, हे कोकण. देश वर."

भाच्याने हा अर्थ आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. त्याच्या वर्गात विचारलं तर किती मुलांना ठाऊक असेल, शंकाच आहे. म्हणून विषय काढतोय.

मराठीत 'देश' म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेचं पठार. आपण देशात जात नाही, देशावर जातो. आणि कोकणात उतरतो. त्यातला 'वर' अगदी पायाला जाणवणारा आहे: मुरबाड मागे पडलं की गाडी माळशेज चढते आणि सातेकशे मीटर उंचीवर सपाटी लागते. हवा बदलते, मातीचा रंग बदलतो, ताटातला भात मागे पडून बाजरीची भाकरी पुढे येते. महाबळेश्वरसारख्या घाटमाथ्यावर वर्षाला ५,००० मिमीच्या वर पाऊस पडतो आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत माण-खटावला ५०० च्या आसपास. ढग डोंगराच्या पश्चिम अंगाला रिकामे होतात, देशाच्या वाट्याला उरलेलं येतं. आजींच्या एका वाक्यात हे सगळं होतं.

मूळ धातू 'दिश्', म्हणजे दाखवणे. दिशा, आदेश, उपदेश, संदेश ही सगळी त्याच घरची. देश म्हणजे बोट करून दाखवता येईल असा भूभाग. तो केवढा, हे शब्दात कुठेच सांगितलेलं नाही. घाटावरचं एक पठारही देश, आणि काश्मीर ते कन्याकुमारी हाही देश. मला वाटतं, याच सैलपणामुळे हा शब्द एवढ्या मोठ्या मुलखाला पुरला.

तुमच्या घरात हा दुसरा 'देश' कोण बोलतं? दुसऱ्या भाषांत काय आहे?

जुन्नरी:
आमच्याकडे सर्रास. मी कळव्यात राहते, पण आईचा फोन आला की पहिला प्रश्न, "कोकणात पाऊस कसाय?" ठाणे म्हणजे तिच्या लेखी कोकणच.

देशमुख-देशपांडे यांच्यातला देशही हाच लहान देश. देशमुख हा परगण्याचा वतनदार, देशपांडे त्याच परगण्याचे हिशेब ठेवणारा. सरदेशमुखीचे दहा टक्केही त्याच हक्कातून आले. आज कोणी देशमुख म्हटलं तर देशाचा मुख्य असं कुणाच्या मनात येत नाही, पण शब्द फोडून बघितला की दिसतं, काही गावांच्या पुंजक्याला आपण किती सहज देश म्हणत होतो.

आणि नाणेघाट विसरू नका. देश आणि कोकण यांना जोडणारी ती पायवाट सातवाहनांच्या काळापासून आहे. वर गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख, बाहेर तो मोठा दगडी रांजण. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला चढायचा. मी लहानपणी त्या खिंडीत उभी राहिले तेव्हा वडिलांनी एकदा मागे आणि एकदा पुढे हात केला: "हा देश, ते कोकण." तुम्ही म्हणता तसंच, बोट करून.

ऐरोली:
चर्चा चांगली आहे, पण एक गोष्ट राहतेय. देशावरचा माणूस मुंबईत आला की त्याचा 'घाटी' होतो.

माझे वडील माथाडी. मुंबईतला कांदा-बटाट्याचा बाजार १९८० च्या दशकात वाशीला आला, तसे तेही इकडे आले. मूळ गाव पाटण तालुक्यात. त्यांच्या पाठीवर गोणीचा घट्टा होता, खांद्यापासून खाली वीतभर, हात लावला तर वहाणेच्या तळव्यासारखा लागायचा. ते स्वतःला 'आम्ही घाटावरचे' म्हणत, ताठ मानेने. तेच 'घाटी' ऐकलं की गप्प होत. 'घाटावरचा' म्हणताना माणसामागे त्याचा मुलूख उभा असतो. 'घाटी'त मुलूख गळून पडतो, नुसती हेटाळणी उरते. एका प्रत्ययाचा फरक आहे, पण तो मी घरात रोज बघितलाय. शब्दाच्या चर्चेत हेही नोंदलं जावं.

नौपाडा:
ऐरोलीकर, बरं झालं लिहिलंत. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

मूळ मुद्द्यात एक भर. पूजेच्या संकल्पात गुरुजी आधी भरतखंड म्हणतात आणि मग 'दण्डकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे'. म्हणजे मोठ्याला खंड, देश त्याच्या पोटातला. दर गणपतीत ऐकतो आपण, लक्ष जात नाही.

'राष्ट्र'ही असंच वाढलेलं आहे. राष्ट्रकूट हे मुळात राष्ट्र नावाच्या विभागाच्या प्रमुखाचं पद, राजघराणं पुढे झालं. दुसऱ्या पुलकेशीचा इ.स. ६३४ चा ऐहोळेचा शिलालेख तर तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख करतो, मिळून ९९,००० गावं. तीन! एका महाराष्ट्रावर भागवणाऱ्या आपल्याला हे वाचून गंमत वाटते.

खानदेशाचं नाव फारुकी सुलतानांच्या 'खान' या पदवीवरून आलं असं बहुतेक जण सांगतात, कान्हदेश म्हणणारेही आहेत. काहीही धरलं तरी 'देश' तिथे प्रांतच.

वाशी, सेक्टर १७:
आमच्या मजल्यावरच्या बंगाली काकू ओळख झाली तेव्हा म्हणाल्या, 'आपनार देश कोथाय?' मी चक्रावले. त्यांना विचारायचं होतं, तुमचं मूळ गाव कुठलं. बंगालीत 'देशेर बाडी' म्हणजे वाडवडिलांचं गावातलं घर. आपण 'गावी चाललो' म्हणतो तिथे त्या देशाला जातात.

भोजपुरीत 'बिदेसिया' म्हणजे कमवायला घराबाहेर पडलेला नवरा. तो जायचा कुठे, तर कलकत्त्याला. मागे राहिलेल्या बायकोसाठी तोच विदेश.

घोडबंदर:
आभार सगळ्यांचे. वाशीच्या ताईंचं वाचून आपलंच 'देशोधडीला लागणे' आठवलं. दुष्काळात कुटुंबं देशोधडीला लागायची ती शेजारच्या जिल्ह्यात, फार तर मुंबईला. तेवढ्यानेही देश सुटायचा. आणि 'परदेशी' हे आडनाव बघा, कित्येक पिढ्यांपूर्वी उत्तरेतून येऊन महाराष्ट्रात रुजलेल्या घरांचं. बोलतात अस्सल मराठी, आडनाव मात्र त्या काळचं, जेव्हा नर्मदेपलीकडचा माणूस परदेशी ठरत होता.

त्या दिवसाचं उरलेलं सांगतो. घाटात धुकं इतकं होतं की वाहकही पुढे जाऊन उभा राहिला. आजी झोपल्या होत्या. चढ संपला, पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि पाऊस बटण बंद केल्यासारखा थांबला. आजींनी डोळे उघडले, काच सरकवली, बाहेर बघून म्हणाल्या, "आला देश." भाच्याने मोबाइल काढला आणि बहिणीला मेसेज केला: देशावर पोचलो.