अरबी समुद्रातला खवल्या किडा: 'नवी जात' कधी म्हणायची आणि नाव कसं लावायचं?

रावपुरा_२२ :
मुक्काम वडोदरा, प्रबंधाचा विषय पॉलिकीटांचं (समुद्रातल्या खंडांच्या, केसाळ किड्यांचं) वर्गीकरण. हातात दोन नमुने आहेत: अरबी समुद्र, आपल्याच हद्दीतला, २,१०० मीटर खोल, बॉक्स कोअरमधून (तळाचा गाळ चौकोनी पेटीत उचलणारं साधन). कुळ पॉलिनॉइडी, म्हणजे खवल्या किडे. डोळे नाहीत, डोक्यावर बाजूच्या शृंगिका (स्पर्शिका) नाहीत, म्हणून मॅसेलिसेफॅलिनी उपकुळात धरतोय. पहिला नमुना २२ मिमी, अख्खा, ९६% इथेनॉलमध्ये. दुसऱ्याचं शेपूट तुटलंय, तो फॉर्मॅलिनमधून ७०% अल्कोहोलमध्ये घेतलाय. दोघांचेही खवले झडलेत. फोव्हेलच्या १९५३च्या पुस्तकातल्या किल्लीत (लक्षणांवरून जात ओळखण्याच्या तक्त्यात) बसत नाही. नवी जात म्हणू का? 'मॅसेलिसेफॅला इंडिकस' चालेल का? आणि नाव प्रबंधात छापलं तर अग्रक्रम (नाव आधी दिल्याचा मान) मिळतो का?

दृढरोम :
किल्लीत बसत नाही एवढ्यावर नवी जात होत नाही. मॅसेलिसेफॅला हे गाठोडं पॉलिकीटतज्ज्ञ पेटिबोनबाईंनी १९७६ साली सोडलं आणि त्यातून बरेच जीनस (प्रजाती-गट) वेगळे काढले. १९५३च्या पुस्तकात ते सापडणार कुठून? उलटही होतं: जुन्या किल्लीत ओढूनताणून बसवल्यामुळे युरोपातली कितीतरी नावं आपल्याकडच्या किड्यांना चिकटली आहेत.

खवले गळले म्हणून हातपाय गाळू नका. चाळणीवर पाण्याचा जोर लागला तरी ते झडतात, पण खवल्याचं बूड, म्हणजे एलिट्रोफोर, जागेवर राहतं. किडा अल्कोहोलमध्ये बुडवून, उजेड तिरका टाकून पाठीवरून बघा. खवल्याचं बूड जाड, गोलसर उंचवट्यासारखं दिसतं. पाठीकडच्या सिरसचं (बारीक दोऱ्यासारख्या स्पर्शांगाचं) बूड अरुंद, नळीसारखं. कुठल्या खंडावर कोणतं, ते पुढून मागे लिहून काढा. या कुळात खवले बहुधा २, ४, ५, ७ या खंडांवर आणि पुढे एकाआड एक असतात. खवल्यांच्या जोड्या किती आणि खंड किती, याच्या आधाराने या उपकुळातले बरेच जीनस वेगळे काढता येतात. घोटाळा होतो तो पहिल्या खंडापाशी. तो डोक्याला चिकटलेला असतो. त्याचे टेन्टॅक्युलर सिरस दिसतात, पण खंड मोजायचा राहून जातो आणि पुढचा सगळा हिशोब एकाने सरकतो.

दृढरोमांसाठी (ताठ केसांसाठी) मधल्या भागातला उजवा परापाद (खंडाच्या बाजूचा पायासारखा अवयव) बारीक कात्रीने बुडाशी कापा आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवा. डाव्या बाजूला कात्री लावू नका. पुढच्या माणसाला ती अखंड मिळाली पाहिजे. कव्हरस्लिप दाबली की केसांचा जुडगा फाकतो आणि वरचा गट कोणता, खालचा कोणता ते कळेनासं होतं. टोकं झिजलेली असतील तर जुडग्यात नुकतीच बाहेर येणारी दृढरोमं शोधा, दातेरी कडा त्यांच्यावरच नीट दिसते.

तुटक्या नमुन्यावर नवी जात उभी करू नका. दोघं एकाच जातीचे ठरले तर तो पॅराटाइप (मुख्य नमुन्याच्या जोडीचा नमुना) म्हणून ठीक. तोवर लेबलवर 'स्पी. १' (नाव न दिलेली जात क्र. १) आणि नमुना क्रमांक.

मांडवीकर :
नावाचं मी सांगतो. आधी 'इंडिकस' खोडा. 'केफाले' हा ग्रीक शब्द स्त्रीलिंगी, म्हणून मॅसेलिसेफॅलाही स्त्रीलिंगी. विशेषण लावायचंच तर 'इंडिका'. जीनस दुसरा निघाला तर नावाचं शेपूट त्याच्या लिंगाप्रमाणे बदलेल. त्या जीनसमध्ये तेच नाव आधी कुणी लावलंय का, हेही जागतिक पॉलिकीट डेटाबेसमध्ये तपासा. (एवढ्या मोठ्या महासागरात 'इंडिका'पलीकडे काही सुचू नये?)

व्यक्तीचं नाव देताना पुरुष असेल तर शेवटी 'आय', स्त्री असेल तर 'एई'. पेनॅलिओपॉलिनोई जीनसमध्ये २०२० साली आलेल्या जाती बघा: एल्विसाय, गॉफ्रेडीएई, ऑर्फनएई.

जातीच्या नावापुढे नाव देणाऱ्यांची नावं आणि वर्ष लिहितात, त्यांच्या कंसाचा घोळ नेहमीचा. अल्विनेला पॉम्पेजाना, डेब्रुयेर व लॉबिए, १९८०: मूळ जीनस तोच राहिला, म्हणून कंस नाही. बर्फ-किडा (समुद्रतळाच्या मिथेन-बर्फावरचा) १९९८ साली हेसिओसेका जीनसमध्ये आला आणि पुढे सर्सोईत गेला, म्हणून सर्सोई मेथॅनिकोला (डेब्रुयेर व टूलमाँ, १९९८). कंस म्हणजे जीनस बदलल्याची खूण, सजावट नव्हे.

प्रबंधात नाव घालू नका, 'स्पी. १'च ठेवा. प्रबंधाची प्रत सहसा प्रकाशन धरली जात नाही, त्यामुळे अग्रक्रम मिळत नाही, फक्त गोंधळ उरतो. वर्तमानपत्राला तर आधी मुळीच सांगू नका. वर्णनाशिवाय छापलेलं नाव 'नोमेन न्यूडम', नुसतं नागडं नाव. शोधनिबंधात 'स्पी. नोव्ह.' (नवी जात) स्पष्ट लिहा आणि कोणत्या लक्षणांनी वेगळी ते सांगा. १९९९ नंतरच्या नावांना होलोटाइप (नाव ज्याला बांधलेलं तो एकच मुख्य नमुना) कोणता आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला, हेही लागतं. नियतकालिक फक्त ऑनलाइन असेल तर झूबँकची (प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीची) नोंदणी छापण्याआधी, आणि तिचा पुरावा निबंधातच हवा. नमुना आपल्या हद्दीतला आहे, म्हणजे २००२च्या जैवविविधता कायद्याचं कलम ३९ लागू: नव्या जातीची माहिती अधिकृत संग्रहाला कळवून नमुना तिथे जमा करायचा. कोलकात्याची झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया त्यातलीच.

रावपुरा_२२ :
मोजणी परत करतो. डीएनए कुठल्या नमुन्यातून काढू?

दृढरोम :
इथेनॉलवाल्यातून. फॉर्मॅलिनने डीएनए तुटतो आणि प्रथिनांशी जखडतो, दुसऱ्याच्या नादी लागू नका. कापलेल्या उजव्या परापादाला लागून असलेला आणखी एक घ्या, तोही ग्लिसरीनला लागण्याआधी. सीओआय या जनुकाचा, जात ओळखायला वापरतात तो नेहमीचा ६५८ बेसचा तुकडा पॉलिकीटांत पीसीआरने बऱ्याचदा वाढतच नाही. प्रायमर नीट बसत नाहीत. १६एस हे दुसरं जनुक सोबत लावा.

मांडवीकर :
आणि मे महिना यायच्या आत बाटल्या बघून घ्या. वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात प्लॅस्टिकच्या झाकणातून अल्कोहोल उडतं आणि किडा वाळून कडक होतो. छोट्या काचेच्या नळीत किडा आणि पेन्सिलीने लिहिलेलं लेबल, तोंडाला कापसाचा बोळा, आणि ती नळी मोठ्या बरणीत अल्कोहोलखाली उलटी. शाईचं लेबल घालू नका, अल्कोहोलमध्ये विरघळतं.