गाडीवाचून भागेल असे नाशिक का घडत नाही?

पाथर्डीकर:
मी सातपूर औद्योगिक वसाहतीत आणि पत्नी नाशिकरोडला नोकरी करते. दारात दोन दुचाकी असूनही आता कारसाठी कर्ज काढण्याचा विचार घरात चालू आहे. बसने जावे, तर थांब्यापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत पंधरा मिनिटे चालावे लागते. पदपथावर गाड्या उभ्या असल्याने पावसाळ्यात डबक्यातून, मालट्रकच्या अगदी कडेने जावे लागते. कोंडीला सगळेच कंटाळले आहेत, मग घोडे अडते कुठे, पैशावर की इच्छेवर?

हिशेबनीस:
पैसा कसा येतो, यावर अडते. रस्त्याला किंवा उड्डाणपुलाला वरून एकदाच मोठा निधी मिळतो, बसला मात्र रोज पैसा घालावा लागतो. जुलै 2021 मध्ये महापालिकेने शहर बससेवा स्वतःकडे घेतली तेव्हा ठेकेदाराला धावलेल्या किलोमीटरप्रमाणे मोबदला देण्याची पद्धत ठरली. त्यामुळे तिकिटातून खर्च भरून निघत नाही तोवर प्रत्येक वाढीव फेरीबरोबर पालिकेची तूटही वाढते. उलट वाहनकर आणि इंधनावरील मूल्यवर्धित कर राज्याच्या तिजोरीत जातात, म्हणजे गाड्या वाढल्या की उत्पन्न राज्याला आणि कोंडी शहराला. हा कर मुळात राज्याचा असल्याने एकट्या पालिकेला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

मेन रोडचा रहिवासी:
इच्छेचाही प्रश्न आहेच. दुकानासमोरच्या गाड्या हटवायच्या म्हटले की व्यापारी विरोध करतात, कारण गिऱ्हाईक तुटण्याची त्यांची भीती खरी असते. शिवाय अंबड-सातपूरमधील कित्येक घरांच्या चुली मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांवर पेटतात, त्यामुळे गाड्या कमी करण्याची भाषा कोणत्याच पक्षाला सोपी नाही. मोठ्या घोषणेचे मात्र सर्वांना आकर्षण असते: 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी, म्हणजे रबरी टायरवर धावणाऱ्या हलक्या मेट्रोसाठी, 2,092 कोटी रुपये जाहीर झाले, पण ती अजून धावलेली नाही.

गंगापूर रोड:
रस्ते वाहनांसाठी नव्हे, माणसांसाठी, हे 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच आले आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामे होतील, तेव्हा पदपथ आणि बसथांबे त्यातच धरले जावेत, असा आग्रह आपण आताच धरला पाहिजे. काम झाल्यावर पुन्हा खोदायला निधी मिळत नाही. पाथर्डीकर, थांबा ते फाटक या पट्ट्याची छायाचित्रे काढून, सहकाऱ्यांच्या सह्यांसह अर्ज तयार करा. मजकूर लिहायला मी मदत करतो.