बॉब नाईट यांच्यानंतरचे इंडियाना

प्रश्न :
अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाला प्रशिक्षक बॉब नाईट यांनी १९७६, १९८१ आणि १९८७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली, त्यांतले पहिले तर एकही सामना न गमावता. त्यानंतर मात्र पाटी कोरीच आहे. प्रत्येक नव्या प्रशिक्षकाला त्यांच्याच मापाने मोजणे संघाच्या मुळावर येत आहे का?

उत्तर १ :
मला तसे वाटत नाही. नाईट यांना २००० साली पदावरून दूर केल्यानंतर नवे प्रशिक्षक माईक डेव्हिस यांनी संघाला २००२ च्या अंतिम सामन्यापर्यंत नेले होते. खरा तडाखा बसला तो २००८ मध्ये, खेळाडूंच्या भरतीसाठी केलेल्या नियमबाह्य दूरध्वनींच्या प्रकरणात तेव्हाचे प्रशिक्षक केल्विन सॅम्पसन यांना जावे लागले तेव्हा. पुढच्या हंगामात संघाने जेमतेम सहा सामने जिंकले.

उत्तर २ :
तपशील मान्य, पण असेंब्ली हॉल या संघाच्या घरच्या प्रेक्षागृहात टांगलेली ती विजेतेपदांची निशाणे आणि पाठीवर नाव नसलेल्या जर्सी पाहिल्या की अपेक्षांचे दडपण कुठून येते ते कळते. फेब्रुवारी २०२० मध्ये नाईट प्रथमच तिथे परतले तेव्हा जुने शिष्य त्यांच्याभोवती जमले आणि प्रेक्षागृह दुमदुमून गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्याच तालमीत वाढलेल्या माईक वूडसन यांच्याकडे संघ सोपवला गेला, तरीही २०२५ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले.

उत्तर ३ :
प्रशिक्षक जॉन वूडन यांच्या दहा विजेतेपदांनंतर यूसीएलए या लॉस एंजेलिसमधील विद्यापीठाच्या संघालाही पुढच्या विजेतेपदासाठी १९९५ पर्यंत थांबावे लागले. इंडियानाच्या चाहत्यांनी नव्या प्रशिक्षकाला निदान तेवढी उसंत द्यावी.