मदत हवी आहे: न तापवलेलं प्रथिनही एएनएसमध्ये चमकतंय

एका प्रथिनाची घडी तापवल्यावर किती उलगडते, ते एएनएस हा फ्लुरोसंट रंग (प्रोब) वापरून बघतेय. हा प्रोब पाण्यात जेमतेम चमकतो, हायड्रोफोबिक जागा मिळाली की उजळतो आणि त्याचा पीक ५२० नॅनोमीटरच्या आसपासून निळ्याकडे सरकतो. अल्ब्युमिनवर तसंच दिसलं, पीक ४७० च्या जवळ. म्हणजे प्रोब आणि यंत्र ठीक असावं.

अडचण माझ्या प्रथिनाची आहे. न तापवताच भरपूर सिग्नल, आणि तापवल्यावर म्हणावी तशी वाढ नाही. सीडी (ध्रुवित प्रकाशाने घडी तपासायची पद्धत) स्पेक्ट्रममध्ये न तापवलेल्या प्रथिनाची घडी शाबूत दिसते. ब्लँक (डायलिसिसच्या बाहेरचा बफर + एएनएस) अगदी मंद. पेशी फोडताना ट्रायटन एक्स-१०० (डिटर्जंट) होतं, पण नंतर १० किलोडाल्टनच्या पिशवीत (त्याहून लहान रेणूच बाहेर जातात) रात्रभर डायलिसिस झालंय.

शिवाय ४३५ च्या आसपास एक अरुंद पीक सगळीकडे येतो, नुसत्या पाण्यातही. एक्सायटेशन (नमुन्यावर टाकलेला प्रकाश) ३८० ला आहे, क्युवेटही बदलून पाहिली. हे काय असेल? आणि दुसरा प्रोब घ्यावा का, सायप्रो ऑरेंज वगैरे?

प्रतिसाद १
४३५ चं मनावर घेऊ नका, ते पाण्याचं रामन स्कॅटरिंग आहे, म्हणजे पाण्याच्या रेणूंनी थोडी ऊर्जा घेऊन विखुरलेला तुमचाच प्रकाश. खात्री करायची तर एक्सायटेशन ३७० करा, पीक ४२३ च्या जवळ येईल. खरा फ्लुरोसेन्स एक्सायटेशनच्या मागे असा धावत नाही.

बाकी माझा संशय ट्रायटनवर. सुटा रेणू पिशवीतून निघून जातो, पण ०.२ मिलिमोलरच्या वर त्याचे मिसेल (रेणूंचे गोळे, आतून हायड्रोफोबिक) बनतात आणि ते ८०-९० किलोडाल्टनचे, आतच बसून राहतात. सुटे रेणू मुळातच थोडे, त्यामुळे एका रात्रीत फारसं काही हलत नाही. मिसेलच्या गाभ्यात एएनएस मस्त चमकतो. बाहेरच्या बफरमध्ये मिसेल नसल्यामुळे तो ब्लँक इथे खोटी साक्ष देतोय! तुमचं प्रथिन न बनवणाऱ्या पेशी घेऊन तीच सगळी प्रक्रिया करा आणि शेवटचा द्राव ब्लँक म्हणून वापरा. सायप्रो ऑरेंजचंही हेच दुखणं आहे, तोही मिसेलमध्ये उजळतो.

धागाकर्ती
धन्यवाद, रामनचं लगेच पटलं. प्रथिनाला हिस-टॅग (धातूच्या कॉलमला चिकटणारी हिस्टिडीनची शेपटी) आहे. परत कॉलमवर चढवू का? की प्रोब सोडून सरळ प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅनचीच (स्वतः चमकणारं अमिनो आम्ल) चमक मोजू?

प्रतिसाद २
कॉलमच बरा. प्रथिन बांधलेलं असताना ट्रायटन नसलेल्या बफरने भरपूर धुवा, मग उतरवा. हायड्रोफोबिक बीड्सनेही ट्रायटन निघतं, पण थोडं प्रथिन त्यांना चिकटून जातं.

ट्रिप्टोफॅन चालेल. आत दडलेला असला तर ३३० च्या आसपास, पाण्यात उघडा पडला की ३५० कडे. फक्त २८० ला एक्साइट करू नका, ट्रायटनमधलं बेंझीनचं कडं तिथेच प्रकाश शोषतं आणि ३०० च्या आसपास स्वतः चमकतं. २९५ घ्या.

एएनएसही बेताने घाला. १ सेंटीमीटरच्या क्युवेटमध्ये ३८० ला ॲब्सॉर्बन्स ०.१ च्या खाली राहिला पाहिजे, नाहीतर इनर फिल्टरमुळे (द्रावच प्रकाश गिळतो) प्रोब वाढवाल तसा सिग्नल उलट पडायला लागेल.

आणि प्रथिनाचं प्रमाण २८० वरून काढलं असेल तर ट्रायटनमुळे तो आकडाही फुगलेला असणार. बीसीएने (प्रथिन मोजायची रंग-चाचणी) पुन्हा मोजा, ब्रॅडफर्ड या दुसऱ्या चाचणीला ट्रायटन चालत नाही.