मदत हवी आहे: बदकाची मादी मान मागे वळवून सारखी ओरडते

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहितेय. मांजलपूरला आमच्या घरामागे अंगण आहे, तिथे खाकी कॅम्पबेल जातीची चार बदकं आहेत, दोन नर आणि दोन माद्या. ओळखण्यात शंका नाही: नरांच्या शेपटीवर वर वळलेली पिसं आली आहेत आणि त्यांचा आवाज घोगरा, दबका. अख्ख्या गल्लीला ऐकू जातं ते माद्यांचं ओरडणं.

त्यातली ठमी हल्ली विचित्र वागते. एका नराच्या मागेमागे पळते आणि पळतापळता चोच खांद्यावरून मागे फिरवून दुसऱ्या नराकडे रोखते, सोबत तुटक, चिडका आवाज. पाय पुढे आणि तोंड मागे! सासूबाई म्हणतात, मान लचकली. मला धास्ती वाटते की मान वाकडी होण्याचा आजार तर नाही? खाते व्यवस्थित, अंडीही देते. पण मानेमागची पिसं गेली आहेत, गुलाबी कातडी दिसते.

कधीकधी सगळीच डोकं आडवं करून एका डोळ्याने वर बघतात, त्याचा उलगडा मात्र झाला. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे आभाळ बघायला गाल वर करावा लागतो. मी वर पाहिलं की बहुतेक वेळा घार असते.

ठमीचं काय करू? कृपया कुणी पाळत असाल तर सांगा.

प्रतिसाद (इंदूर):
ताई, मान ठीक आहे तिची. ही चिथावणी आहे. मादी आपल्या पसंतीच्या नराजवळ राहून दुसऱ्याकडे चोच रोखते, म्हणजे 'याला हाकल' असं आपल्या नराला सांगते. रानातल्या मॅलार्ड माद्याही हेच करतात, आणि खाकी कॅम्पबेलमध्ये त्यांचंच रक्त आहे. आजारात मान वळलेलीच राहते, तोल जातो, दाणा टिपताना चोच चुकते. ठमी मान लगेच सरळ करते ना? मग निर्धास्त राहा.

मला काळजी वाटते ती पिसांची. जुगताना नर मादीची मान चोचीत धरतो. दोन माद्यांवर दोन नर म्हणजे त्यांना उसंतच नाही. एका नरामागे चार-पाच माद्या तरी हव्यात. अंड्यांसाठी नर लागतही नाही, फक्त पिल्लं हवी असतील तर लागतो. तोवर नर जाळीपलीकडे ठेवा. कातडी फाटली असेल, रक्त येत असेल तर थेट पशुवैद्याकडे न्या.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! आत्ताच बघून आले, मान लगेच सरळ करते. जखम नाही. दोन्ही नर एकत्र कोंडले तर एकमेकांना फाडतील का?

प्रतिसाद (इंदूर):
मादी समोर नसली की बहुतेक नर एकमेकांशी जुळवून घेतात. सुरुवातीला छातीला छाती लावून ढकलाढकली होईल, ती होऊ द्या. एक जण सतत कोपऱ्यात दबून बसला, खायला येईना, तर वेगळं करा. दोन्हीकडे डोकं बुडेल एवढ्या खोल पाण्याचं घमेलं ठेवा. डोळे आणि नाकपुड्या त्यातच धुतात ती. आणि बडोद्याच्या उन्हात चोच उघडी टाकून धापा टाकताना दिसली तर आधी सावलीत घ्या.

धागाकर्ती:
घमेली दोन आहेत. जाळी संध्याकाळी मुलगा आणतोय. पिसं परत यायला लागली की इथेच कळवते.