मदत हवी आहे: वॉनलॉकहेडला कोणी गेलंय का?

ग्लासगोकर मंडळींनो, मे महिन्यात आई-बाबांना वॉनलॉकहेडला न्यायचा विचार आहे. साधारण ४६५ मीटरवरचं, स्कॉटलंडमधलं सर्वांत उंच गाव, शिशाच्या खाणींवर वाढलेलं. पाण्यावर चालणारं जुनं बीम इंजिन (खाणीतलं पाणी उपसायचं यंत्र) तिथे अजून उभं आहे. पण मला खरी ओढ ग्रंथालयाची: १७५६ मध्ये खाणकामगारांनी वर्गणी काढून सुरू केलेलं! (शेजारच्या लेडहिल्सचं तर १७४१ चं.)

बाबांचे गुडघे दुखतात, हेल्मेट घालून खाणीत फिरणं त्यांना झेपेल का? जवळच्या सँकर गावाच्या रेल्वे स्टेशनवरून बस मिळते की गाडीच भाड्याने घ्यावी? आई पक्की शाकाहारी. गावात निदान गरम सूप-ब्रेड मिळेल ना? आणि मुक्काम गावातच करावा की सँकरला?