हिपॅटायटिस बी असताना शेंगदाणे, घाण्याचं तेल आणि ब्रोकोलीच्या गोळ्या: माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या दादाला क्रॉनिक हिपॅटायटिस बी आहे. औषधं आणि दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चालू आहे, त्याबद्दल काही विचारायचं नाही. प्रश्न स्वयंपाकघरातला आहे. आम्ही सोलापूरकडचे, म्हणजे कुटाशिवाय भाजी विरळाच. त्यात वहिनीने हल्ली लाकडी घाण्याचं शेंगतेल सुरू केलंय.

दाण्यांवरच्या अस्परजिलस बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक, एवढं ऐकून होतो. खोलात वाचल्यावर धास्तावलो. विष पोटात जातं तेव्हा तितकं जहाल नसतं. यकृतातली सायटोक्रोम पी४५० एन्झाइम्सच त्याचं इपॉक्साइड, म्हणजे खरं जहाल रूप, करतात आणि ते डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला चिकटतं. मग पी५३ जनुकात २४९व्या कोडॉनवर बदल होतो. बिघडलेल्या पेशीला 'थांब, वाढू नकोस' म्हणणारं हेच जनुक! शांघायमधल्या १९९४ च्या अभ्यासात यकृताच्या कर्करोगाचा धोका नुसत्या अफ्लाटॉक्सिनने ३.४ पट, नुसत्या हिपॅटायटिस बीने ७.३ पट आणि दोन्ही असतील तर जवळपास ५९ पट निघाला. म्हणजे गुणाकाराच्याही पुढे.

भाजून हे विष पूर्ण जात नाही. तेल रिफाइन करताना अल्कलीच्या प्रक्रियेत बरंचसं निघून जातं, घाण्याच्या तेलात ती पायरीच नसते. वहिनीला हे कसं सांगू, हा वेगळा धागा होईल.

आता एक नातेवाईक सल्फोराफेनच्या गोळ्या घ्या म्हणून मागे लागलेत. ब्रोकोलीतला हा घटक. पेशीत एनआरएफ२ नावाचं प्रथिन असतं, त्याला कीप१ धरून ठेवतं. सल्फोराफेनमुळे ती पकड सुटते, एनआरएफ२ केंद्रकात जाऊन विष निकामी करणारी एन्झाइम्स वाढवतं. ऐकायला छान आहे. पण काही कर्करोगांच्या पेशी हाच एनआरएफ२ सतत चालू ठेवून स्वतःला औषधांपासून वाचवतात, असंही वाचलं. मग आधीच सुजलेल्या यकृतात तो मुद्दाम जागवावा का? दादाचे डॉक्टर 'गोळ्या नकोत' एवढंच म्हणाले, कारण विचारायला वेळ मिळाला नाही.

यकृतरोग किंवा विषशास्त्रातलं कुणी इथे असेल तर सांगा: गोळीतला डोस आणि ताटातली कोबी-ब्रोकोली यांत पेशीच्या दृष्टीने काय फरक पडतो? आणि सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे निवडून टाकले तर घरगुती पातळीवर पुरेसं आहे, की घाण्याचं तेल बंदच करावं? तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतलेला कुणी असेल तर खर्च किती आला तेही कळवा.